माळरानासाठी सहा पट पुरे

दुर्बिणीचा विषय निघाला की सोलापुरात पहिला प्रश्न ठरलेला: "किती लांबचं दिसतं?" गड्ड्याच्या जत्रेत प्लास्टिकच्या दुर्बिणी विकणारा पोरगासुद्धा हेच ओरडत असतो, यातनं पार अक्कलकोट दिसतंय म्हणून. नवी पेठेतल्या दुकानात हाच सवाल जरा सभ्य भाषेत येतो: "पॉवर किती पाहिजे, ताई?" मी सहा म्हणाले, तर काउंटरवरच्या माणसाला वाटलं मी चष्म्याच्या नंबराबद्दल बोलतेय.

आमचं शाळेच्या गणवेशांचं युनिट आहे. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत मान वर करायला फुरसत नसते. दिवाळीनंतरचे महिने मात्र तसे मोकळे जातात आणि माळावर, तळ्यांवर पाहुणे पक्षी येतात तेही नेमके त्याच दिवसांत. मशिनवर वर्षानुवर्षं वाकून मानेचं दुखणं मागे लागलंय, डोळ्यांवर प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे. दुर्बीण घेताना या दोन गोष्टी मी पॉवरच्या आधी लिहून ठेवल्या. तिसरी होती पर्स. जी दुर्बीण पर्समध्ये किंवा स्कूटीच्या डिकीत सहज मावत नाही ती घरीच राहते, आणि पक्षी नेमका नको त्या वेळी दिसतो. बँकेत जाताना, लग्नाहून परतताना, होटगी रोडवर विजेच्या तारेवर.

आमचा रविवारचा गट आहे. धर्मवीर संभाजी तलावावर जमतो. आमच्या पिढीला तो अजून कंबर तलावच. गटातल्या एका काकांची जुनी १०×५० दुर्बीण माझ्याकडे बरेच दिवस होती. तिच्यावरच मी शिकले, त्यामुळे तिला नावं ठेवणार नाही. तलावाच्या कठड्यावर कोपर टेकवून बघितलं की वारकरी आणि टिबुकल्या हे पाणपक्षी, जलपर्णीवर लांब बोटं टाकत चालणारी जांभळी पाणकोंबडी, सगळं छान मोठं दिसायचं. पण वजन किलोच्या आसपास. अर्धा तास गळ्यात अडकवली की रात्री मानेला शेक. आणि कठडा नसला की हात थरथरायचा. थरथर प्रत्येकाच्याच हाताची असते, दहाच्या दुर्बिणीत तीही दहा पट होऊन दिसते, एवढंच.

दुर्बिणीवरचे आकडे मला काकांनी समजावले. १०×५० मधला पहिला आकडा म्हणजे किती पट जवळ दिसतं, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्यानं भागलं की जे येतं ते फार कामाचं. मागच्या काचेतून डोळ्यात जी प्रकाशाची चकती उतरते तिचा तो व्यास, एक्झिट प्यूपिल. १०×५० ला ५ मिलिमीटर, ८×२१ ला जेमतेम २.६, ८×२५ ला ३ च्या किंचित वर. भर उन्हात आपली बाहुलीच आकसून दोन-तीन मिलिमीटरची झालेली असते, तेव्हा छोट्या दुर्बिणीतही काही कमी पडत नाही. पहाटे आणि तिन्हीसांजेला बाहुली मोठी होते आणि छोटी चकती तिला पुरत नाही. दुकानात ट्यूबलाइटखाली हा फरक कळायचा नाही. नान्नजला संध्याकाळी सहा वाजता कळतो.

नान्नज आमच्यापासून वीस-बावीस किलोमीटर, बार्शी रोडला. माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य जाहीर झालं ते हेच. आता माळढोक एखाददुसरा दिसला तरी वर्तमानपत्रात बातमी होते, त्यामुळे आम्ही त्याच्या आशेवर जात नाही. काळविटांचे कळप असतात, चंडोल असतात, पखुर्ड्या सकाळी पाण्यावर येतात, आणि हिवाळ्यात भोवत्ये, म्हणजे हॅरिअर, गवतावरून अगदी खालून तरंगत जातात. गुडघ्याएवढं पिवळं गवत, मध्ये मध्ये मुरमाड उघडी जमीन, झाड औषधाला. माझी दुर्बीण कुठली असावी हे शेवटी या माळानंच ठरवलं.

फेब्रुवारीतली सकाळ. साडेदहा वाजले असतील. धाविक दिसला म्हणून गटातल्या एकानं बोट दाखवलं. धाविक हा मातीच्या रंगाचा, टिटवीपेक्षा लहान पक्षी. चार पावलं तुरुतुरु पळतो, थबकतो, खाली वाकून काहीतरी टिपतो, पुन्हा पळतो. थांबला की जमिनीत विरघळतो. मी १०×५० लावली आणि मला दिसली उकळती जमीन. गवताची पाती पाण्याखाली असल्यासारखी हलत होती, दगड लांबत होते, आखडत होते. धाविक त्यात एक तपकिरी डाग. काकांनी फोकसचं चाक मागंपुढं करून बघितलं आणि म्हणाले, "ताई, यात दुर्बिणीचा काही दोष नाही. हवाच हलतीय."

जमीन तापली की तिच्या लगतची हवा तापते. गरम हवा विरळ, वरची थोडी गार आणि दाट, दोन्ही एकमेकींत मिसळत राहतात. त्यातून येणारा प्रकाश क्षणाक्षणाला थोडा थोडा वाकतो. नुसत्या डोळ्यांना तो थरकाप फारसा जाणवत नाही. दहा पट केला की पक्ष्यापेक्षा थरकापच मोठा दिसतो. काच कितीही महागडी असली तरी यावर तिच्याकडे उपाय नाही, कारण बिघाड दुर्बिणीच्या बाहेर, तिच्यात आणि पक्ष्याच्या मध्ये आहे. गटातल्या एका कॉलेजच्या पोरीकडे तिच्या आजोबांची जुनी ७×३५ होती. तिनं ती माझ्या हातात दिली. थरकाप होताच, पण लहान होता. पक्षी लहान दिसला पण पक्षी दिसला. डोक्यावरची तांबूस टोपी, डोळ्यावरून मागे जाणारी पांढरी पट्टी आणि तिच्याखाली काळी. ओळख पटवायला तेवढं भरपूर.

आमच्याकडे ऊन तापायला मे महिना लागत नाही. जानेवारीचे थोडे दिवस सोडले तर साडेदहा-अकरानंतर माळावर हे असंच. हिमालयात किंवा कोकणातल्या दाट झाडीत फिरणाऱ्यांनी दिलेला सल्ला सोलापूरच्या माळाला जसाच्या तसा लागू होत नाही, हे माझं तेव्हापासूनचं ठाम मत. जास्त पॉवरचा फायदा घ्यायला हवा स्थिर लागते, हात स्थिर लागतो, आणि पक्षी एका जागी बसलेला लागतो. आमच्याकडे तिन्ही गोष्टी एका वेळी जुळून येणं कठीण.

इथून मी कमी पॉवरच्या मागे लागले. घरात चेष्टा सुरू झाली. हे म्हणाले, पैसे जास्त देऊन कमी दिसणारी वस्तू घेणारी तूच पहिली.

आधी सोलापुरातच फिरले. कॅमेऱ्याच्या दुकानांत दुर्बिणी असतात, पण काचेच्या कपाटात वरच्या खणात, आणि बहुतेक झूमवाल्या. एका ठिकाणी माझ्यापुढं जी ठेवली तिच्यावर सोनेरी अक्षरांत भलेमोठे आकडे छापलेले होते, आणि पुढची भिंगं लालभडक. विकणारा सांगत होता, "रुबी कोटिंग आहे, उन्हात डोळ्याला थंड." त्या लाल काचेनं लाल प्रकाश बाहेरच परतवून लावला होता, त्यामुळे आतून सगळं निळसर हिरवं दिसत होतं. समोरच्या साडीच्या दुकानातली राणी रंगाची साडी वांगी रंगाची झाली. मला रंगाचं कळतं, दिवसभर कापडच बघते. पक्षी ओळखताना पोटाखालची तांबूस छटा हीच खूण असते, तिथं अशी काच काय कामाची. झूमवाल्या दुर्बिणींचं वेगळंच. पॉवर वाढवत नेली तसं चित्र अंधारत गेलं, दोन्ही डोळ्यांची चित्रं एकमेकांवर बसेनात, कपाळात कळ आली. नमस्कार करून निघाले.

बघायचं कसं ते मात्र त्या फेऱ्यांत पक्कं झालं. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडं करायची आणि मागच्या काचेतली प्रकाशाची चकती बघायची. ती स्वच्छ गोल असली पाहिजे. कडा कापल्यासारख्या, चौकोनाकडे झुकलेल्या दिसल्या तर आतले प्रिझम, म्हणजे प्रकाश वळवणाऱ्या काचा, हलक्या काचेचे किंवा लहान आहेत असं समजायचं. मग पुढच्या भिंगात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघायचं. ते मंद हिरवट, जांभळट आलं तर कोटिंग, म्हणजे चमक मारणारा लेप, आहे. पांढरंफेक चमकलं तर निदान त्या काचेला तरी नाही. मग दुकानाबाहेर येऊन लांबची आडवी तार किंवा गच्चीचा कठडा धरायचा आणि दुर्बीण डोळ्यांपासून हळूहळू चार बोटं मागे घ्यायची. दोन चित्रं वेगळी होतात. दोन्हींतली तार एकाच उंचीला राहिली तर नळ्या एका रेषेत आहेत. एक वर, एक खाली असेल तर ती दुर्बीण फुकट मिळाली तरी घेऊ नये. मेंदू ती चित्रं ओढूनताणून जुळवतो आणि अर्ध्या तासात डोकं धरतं. दुकानदार यातलं काही करू देतो का, यावरूनही माल कळतो.

भाचा पुण्यात असतो. तोही पक्षीवाला, पण त्याचा धर्म ८×४२. "मावशी, जगभरातले पक्षीवाले ८×४२ वापरतात, काहीतरी कारण असेल की नाही?" कारण आहेच. आठ पट, पाचच्या वर एक्झिट प्यूपिल, चष्मेवाल्यांनाही बहुतेक मॉडेल चालतात. कोणी एकच दुर्बीण घ्यायची म्हणून विचारलं आणि त्याची मान धड असली, तर मी आजही तेच सांगेन. पण या दुर्बिणी सहाशे-सातशे ग्रॅमच्या, पर्समध्ये विटेसारख्या बसतात. माझ्या यादीतल्या दोन गोष्टी तिथंच कटल्या.

हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला गेले आणि दिवसभर भाच्याच्या आणि त्याच्या मित्रांच्या दुर्बिणी डोळ्यांना लावून बघितल्या. आधी सगळ्यात छोटी, खिशातली ८×२५. दोन बिजागऱ्यांची, मिटली की चष्म्याच्या घराएवढी. वजन तीनशे ग्रॅमच्या आत. मन तिच्यावरच गेलं होतं, खोटं कशाला सांगू. पण तिचं आय रिलीफ कमी. आय रिलीफ म्हणजे मागच्या काचेपासून डोळा किती लांब असताना पूर्ण चित्र दिसतं ते अंतर. चष्म्याची काच मध्ये आली की डोळा तेवढा मागे राहतो. चष्मेवाल्यांना पंधरा-सोळा मिलिमीटर तरी लागतं, जास्त असेल तर उत्तम. बऱ्याच छोट्या दुर्बिणींत ते दहा-बाराच असतं. रबरी आयकप खाली दुमडूनही मला शर्टाच्या काजातून अंगण बघावं तसं दिसत होतं. चष्मा काढून बघावं तर पक्षी उडाला की चष्मा शोधा. शिवाय दोन बिजागऱ्या, त्यामुळे प्रत्येक वेळी उघडून दोन्ही डोळ्यांचं अंतर नव्यानं जुळवा. वेडा राघू तारेवर पुन्हा पुन्हा येऊन बसतो, तो थांबेल. भोवत्या थांबणार नाही.

दुसरी होती पेंटॅक्सची पॅपिलिओ, ६.५×२१. हिच्यावर मी दहा मिनिटं खिळून राहिले. पुढची दोन भिंगं मागच्या काचांपेक्षाही जवळजवळ बसवलेली, आणि फोकस जसजसा जवळ आणावा तशी ती आतल्या आत आणखी जवळ सरकतात. त्यामुळे अर्ध्या मीटरवरचं स्वच्छ दिसतं. भाच्याच्या गॅलरीत कुंडीतल्या झेंडूवर फुलपाखरू होतं. त्याच्या पंखावरचे खवले एकावर एक कौलांच्या ओळीत मांडलेले दिसले, सोंड फुलात जाताना कुठं वाकते ते दिसलं. वजन तीनशे ग्रॅमच्या आतबाहेर, आय रिलीफ पंधरा, चष्म्यातूनही जवळजवळ पूर्ण चित्र. ज्यांना फुलपाखरं, चतुर, कोळी बघायचेत त्यांनी दुसरं काही बघूच नये. माझ्यासाठी अडलं ते २१ मिलिमीटरवर. संध्याकाळी पर्वतीच्या पायथ्याशी गेलो होतो, दिवेलागणीला झाडाखालचा दयाळ तिच्यात नुसती काळी आकृती उरला. आणि पाणी आत जाऊ न देणारी ती नव्हे, तेव्हा धूळही जपावी लागणार. आमच्या माळावर धुळीला कुठं नको म्हणणार?

मग भाच्याचा एक मित्र आला आणि त्यानं पिशवीतून जुन्या घाटाची, खांदे बाहेर आलेली, जाडजूड दिसणारी दुर्बीण काढली. ६×३०. पोरो प्रिझमची, म्हणजे जुन्या सिनेमात सैन्यातले अधिकारी वापरतात त्या आकाराची, फक्त लहान. हातात घेतली तर वजन पावणेपाचशे ग्रॅमच्या आसपास. डोळ्यांना लावली आणि काही करावंच लागलं नाही. चष्म्यासकट चित्र कडेपर्यंत आलं. आय रिलीफ वीस मिलिमीटर. तीसला सहानं भागलं तर पाच. म्हणजे काकांच्या किलोभर दुर्बिणीएवढीच प्रकाशाची चकती, निम्म्या वजनात. कमी पॉवरचा हा फायदा दुकानात कोणी सांगत नाही: पॉवर खाली आणली की छोट्या भिंगालाही उजेड पुरतो.

दृष्टिक्षेत्र आठ अंश. एक अंश म्हणजे हजार मीटरवर साधारण साडेसतरा मीटर, तेव्हा आठ अंशांत एकशेचाळीस मीटर रुंदीचा पट्टा. शंभर मीटरवर चौदा. काकांची साडेसहा अंशांची, तिच्यात शंभर मीटरवर अकरा-साडेअकरा. ऐकायला फरक किरकोळ वाटतो, पण वर्तुळाचं क्षेत्रफळ काढा, जवळपास दीडपट येतं. पखुर्ड्यांचा थवा डोक्यावरून सुसाट जातो तेव्हा तो दीडपटीचा फरक म्हणजे थवा सापडणं आणि न सापडणं.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली ती त्या मित्राच्या गच्चीवर. पॉवर कमी असली की एकदा फोकस लावल्यावर पुढचं मागचं बरंच एकदम स्पष्ट राहतं. चाळीस-पन्नास मीटरवर जुळवून ठेवली की त्यापलीकडं चाकाला हात लावायची गरज फारशी पडत नाही. दहाच्या दुर्बिणीत उडत्या पक्ष्यामागे बोट सतत चाकावर फिरत असतं.

पोरोमध्ये पुढची भिंगं डोळ्यांपेक्षा लांब लांब असतात, त्यानं खोली चांगली कळते. कुठली गवताची काडी पुढं, कुठली मागं, हे सहज दिसतं. गवतात बसलेला पक्षी शोधायला ते फार उपयोगी. खिशातल्या बऱ्याच दुर्बिणींत उलट असतं.

६×३० मध्ये एक फसगत संभवते, ती सांगते. याच आकाराच्या काही दुर्बिणी सैन्यासाठी आणि बोटींसाठी बनतात. त्यांना मधलं फोकसचं चाकच नसतं, दोन्ही डोळ्यांचे फोकस वेगवेगळे फिरवावे लागतात. लांबचं किनाऱ्यावरचं बघायला ठीक, पण आता वीस मीटरवर खाटीक पक्षी, मग दोनशे मीटरवर कापशी घार, असं बघणाऱ्याच्या त्या कामाच्या नाहीत. फोटोत नीट बघा, मध्ये चाक आहे का. मला एक भारी स्वस्तातली मिळत होती, ती यावरूनच सोडली.

माझी जी घेतली ती जपानी कंपनीची, आतून नायट्रोजन भरलेली, म्हणजे आत बाष्प धरत नाही अशी. दुकानात आयती नव्हती, भाच्यानं मागवून घेतली. ८×३० आणि ८×३२ चाही विचार झाला होता. चांगल्या असतात, पण चांगल्या म्हणाव्यात अशा माझ्या पैशांत बसत नव्हत्या, आणि पैशांत बसणाऱ्यांच्या कडा धूसर. तो विषय तिथंच संपला.

हातात आल्यावर पहिलं काम, डायॉप्टर म्हणजे दोन डोळ्यांच्या नजरेतला फरक जुळवणं. हे आमच्या गटात निम्म्या लोकांनी कधी केलेलंच नसतं आणि मग दुर्बिणीला दोष देतात. मी आमच्या गच्चीतून समोरच्या मेडिकलची पाटी घेतली. उजव्या भिंगावर हात ठेवून डाव्या डोळ्यानं बघितलं, मधलं चाक फिरवून अक्षरं धारदार केली. मग डाव्यावर हात, उजव्या डोळ्यानं बघायचं, आणि आता मधल्या चाकाला हात न लावता फक्त उजव्या आयकपजवळची कडी फिरवायची. अक्षरं धारदार झाली की ती कडी कुठं आली ते लक्षात ठेवायचं, मी पांढऱ्या रंगाचा बारीक ठिपका दिला. प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर मान किंचित खाली ठेवून काचेच्या वरच्या, लांबचं बघायच्या भागातूनच हे करावं. खालच्या भागातून जुळवलंत तर पुढं कधीच धड दिसायचं नाही.

त्याच संध्याकाळी तारेवर कोतवाल बसला होता, मागे उजळ आभाळ. काळ्या पक्ष्याच्या कडेला जांभळी किंवा हिरवी झालर दिसते का, हे बघायला यापेक्षा कठोर परीक्षा नाही. मधोमध धरला तर झालर नव्हती. चित्राच्या कडेला नेला तर बारीकशी जांभळी रेघ आली. या किमतीत मला ती मान्य आहे. पक्षी कडेला ठेवून कोण बघतं?

नान्नजला नेली ती डिसेंबरात, मुद्दाम संध्याकाळची. भोवत्ये दिवसभर एकेकटे शिकार करतात आणि सूर्य कलला की रात्रीच्या मुक्कामाला गवतात एकत्र उतरतात. एक इकडून, दोन तिकडून, खूप वेळ घिरट्या घालत, खाली येतात, पुन्हा उठतात. नर करडे. माँटेग्यू हॅरिअरच्या नराच्या पंखावर काळी पट्टी असते, पोटाला तांबूस रेघा. पॅलिडचा नर फिकट, स्वच्छ, पंखाच्या टोकाला काळं पाचर. माद्या मात्र तपकिरी, शेपटीजवळ पांढऱ्या, आणि दोन्ही जातींच्या इतक्या सारख्या की गटात वाद ठरलेला. काका त्यांची १०×५० घेऊन जीपच्या बॉनेटला टेकून उभे, मी नुसतीच उभी. एक नर माझ्या डावीकडून आला आणि आडवा जात राहिला. मी त्याला दुर्बिणीत धरला तो सुटलाच नाही, बाभळीमागून गेला, पुन्हा निघाला, वळला. वळताना पंख तिरपा झाला आणि वरची काळी पट्टी एका क्षणासाठी पूर्ण दिसली. माँटेग्यू. काकांच्या चित्रातून तो वळायच्या आधीच निसटला होता. नंतर अंधार पडता पडता आणखी एक आला, त्याचा फक्त रंग ओळखता आला, पण आला. खिशातली ८×२५ आणलेली कॉलेजची मैत्रीण केव्हाच गाडीत जाऊन बसली होती.

हिप्परग्याला मात्र हिची मर्यादा कळते, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. तिथला एकरुख तलाव मोठा, इंग्रजी अमदानीत १८७१ च्या सुमारास बांधलेला, पाणी भरलं की पलीकडचा काठ खूप लांब. मधोमध बदकांचा थवा बसलेला असतो. सहा पटीत हळदी-कुंकू बदक चोचीच्या टोकाच्या पिवळ्यावरून जमलं तर जमतं, बाकी सगळे तपकिरी ठिपके. पट्टेरी राजहंस येतात तेव्हा डोक्यावरच्या दोन काळ्या पट्ट्या बघायला मला दुसऱ्याकडं मागावं लागतं. गटात एकाकडं तिकाटण्यावरचा स्पॉटिंग स्कोप, म्हणजे जास्त पॉवरची एका नळीची दुर्बीण, आहे, हिप्परग्याला आम्ही सगळे त्याच्यामागे रांग लावतो. उजनीच्या पाण्यावर रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला गेलो तेव्हाही तेच. रोहितांचा गुलाबी पट्टा सहा पटीत फार देखणा दिसतो, पण चोचीचा बाक बघायचा तर स्कोप. माझी पाच मीटरच्या आत फोकस होत नाही, तेव्हा फुलपाखरांसाठी ती पॅपिलिओ अजून मनात आहे. पुढच्या सीझनचं पेमेंट वेळेवर आलं तर बघू.

जपणुकीचं म्हणाल तर आमच्याकडे बुरशीपेक्षा धूळ वाईट. काच कधीही ओढणीनं, पदरानं पुसायची नाही. माळावरची धूळ म्हणजे बारीक वाळूच, ती घासली की कोटिंगवर ओरखडे. आधी ब्लोअरनं हवा मारायची, मग मऊ ब्रश, आणि डाग उरलाच तर चष्म्याचं मायक्रोफायबर कापड. उन्हाळ्यात बंद गाडीत किंवा स्कूटीच्या डिकीत ठेवून द्यायची नाही, रबर चिकट होतं आणि आतलं ग्रीस पातळ होऊन पाझरतं. हेच कारण की एप्रिल-मे मध्ये ती माझ्या कटिंग टेबलाच्या खणात असते. पट्ट्याऐवजी मी पाठीवरून येणारं क्रॉस हार्नेस स्वतःच शिवलं, गणवेशाच्या स्कूलबॅगच्या पट्ट्यांचं उरलेलं इलॅस्टिक होतं. मानेवरचा भार खांद्यांवर गेला. गटात आता चौघांनी मागितलंय, त्यांची मापं घेऊन झालीत.

काकांची १०×५० परत केली. त्यांनी आमच्या गच्चीवर बसून माझी ६×३० पाच मिनिटं फिरवली, समोरच्या टाकीवरची घार बघितली, आणि म्हणाले, "हलकी आहे, पण जरा लांबच राहतंय सगळं." मी म्हटलं, रविवारी साडेदहानंतर नान्नजला या, मग दोन्ही लावून बघू.